बासष्ट मीटर जास्तीचा जिल्हा

एवाल्ड ट्रोम्पेटरच्या स्वयंपाकघरात एक नकाशा आहे. १९६१ साली जिल्हा कचेरीने छापलेला. त्यात हालेनब्रुख जिल्हा आहे आणि दुसरं काहीही नाही. उत्तरेला राय नावाच्या धान्याचं आणि बटाट्याचं पठार, मधे लाइसे नदीचं खोरं, दक्षिणेला स्लेटच्या खाणी आणि पश्चिमेच्या टोकाला आमचं वेन्नेबेक. कुणीतरी घाईत चावा घेऊन ठेवलेल्या पावासारखा एकंदर आकार. हद्द संपली की कागद पांढरा. कोलोन त्या पांढऱ्या भागात कुठेतरी आहे, बर्लिनही आहे. एवाल्डने दोन्ही शहरं पाहिली आहेत, पण त्याबद्दल तो फारसं बोलत नाही.

हा जिल्हा प्रशियाच्या राजाने १८१७ साली आखला आणि विधानसभेने १९७४ च्या अखेरीस मोडला. एकशे सत्तावन्न वर्षं चाललेली गोष्ट एका कायद्याने संपली आणि तिचे तीन तुकडे तीन शेजाऱ्यांना मिळाले. आमचा तुकडा श्टाइनरोडे जिल्ह्यात गेला. एवाल्ड तेव्हा छत्तीस वर्षांचा होता आणि जिल्ह्याच्या रस्ते खात्यात कामगार होता. फावडी, दोन ट्रक आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकायचं मीठ यांच्यासोबत तोही नव्या जिल्ह्याकडे वर्ग झाला.

"मला कुणी विचारलं नाही," तो सांगतो. "पण मिठालाही विचारलं नव्हतं, म्हणून मी वाईट वाटून घेतलं नाही."

वाईट वाटून घेतलं नाही हे त्याचं म्हणणं. पुढची एक्केचाळीस वर्षं त्याने प्रत्येक पाकिटावर, प्रत्येक अर्जावर आणि एकदा तर दवाखान्यात हाताला प्लास्टर घालून घेताना भरायच्या कागदावरही जिल्हा म्हणून हालेनब्रुखच लिहिलं. दवाखान्यातल्या मुलीने विचारलं, हे कुठे आलं? तो म्हणाला, "तुम्ही बसला आहात तिथेच."

मी वेन्नेबेकमध्ये १९८६ साली आलो, लग्नामुळे. कुलपांच्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळतो, निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, आणि कागद नीट लावून ठेवतो अशी ख्याती झाल्याने गावाच्या सीमामंडळाचा चिटणीस आहे. हे मंडळ दर दोन वर्षांनी सप्टेंबरच्या एका शनिवारी जुन्या हद्दीवरून गाव चालवत नेतं. पूर्वी शेजारच्या गावाने दगड सरकवले नाहीत ना, हे पाहायला असं चालावंच लागे. आता दगड सरकवण्याइतका वेळ कुणाकडे नाही, पण चालणं चालू आहे. जो माणूस पहिल्यांदा येतो त्याला दोघं जण हातापायांना धरून उचलतात आणि हद्दीच्या खुणेवर त्याचं बूड तीन वेळा आपटतात. हद्द कुठे आहे हे अंगाला लक्षात राहावं म्हणून. तीन आपटे खाल्ले की माणूस वेन्नेबेकचा. त्याआधी तुम्ही इथे कितीही वर्षं राहा, पाहुणेच. माझं बूड १९८६ सालीच आपटलं. त्यानंतर माझी सासू माझ्याशी बोलायला लागली.

ही खूण म्हणजे दगड नव्हता. ती रस्त्याच्या कडेची पिवळी पाटी होती, लोखंडी खांबावरची, काळ्या अक्षरांत 'हालेनब्रुख जिल्हा'. तिच्या तळाशी सिमेंटचा चौथरा होता, आपटे त्यावरच बसत. १९७५ च्या जानेवारीत अशा सगळ्या पाट्या उपटायचा हुकूम निघाला आणि तो एवाल्डच्याच हाती आला. सोबत तीन पानांची यादी होती. दुसरं पान तीस नंबरच्या पाटीवर संपत होतं आणि तिसरं बत्तिसावर सुरू होत होतं. एवाल्डने यादीतल्या एकूण एक पाट्या उपटल्या, कचेरीत जमा केल्या, पावती घेतली. एकतीस नंबरची, म्हणजे आमची, यादीत नव्हती. यादीत नसलेली पाटी तो कशाला उपटेल?

तेव्हापासून ती पाटी त्याची झाली. नोकरीत होता तोवर आणि निवृत्त झाल्यावरही तो दर वसंतात बादली घेऊन जायचा, पाटी धुवायचा, गवत कापायचा, गंजलेला बोल्ट बदलायचा. श्टाइनरोडे जिल्ह्याच्या अगदी पोटात हालेनब्रुखची पाटी ऐटीत उभी होती आणि परगावचे लोक गाडी हळू करून, आपण रस्ता चुकलो की काय, म्हणून बघत.

२०१६ च्या मे महिन्यात रस्ते खात्याचं पत्र आलं. त्या कडेने सायकलींचा रस्ता होणार होता. 'खात्याच्या नोंदीत नसलेली एक वस्तू' मधे येत होती, ती ऑक्टोबरात काढून भंगारात जमा केली जाणार होती.

मंडळाची तातडीची सभा भरली. आमचा अध्यक्ष बेर्नवार्ड खाटीक आहे आणि कुठलाही प्रश्न मोठ्या सुरीने सोडवायला बघतो. त्याने थेट जुन्या वास्तूंचं जतन करणाऱ्या कार्यालयात धडक मारली. तिथून केर्स्टिंगबाई आल्या. पस्तिशीच्या, चिखलात चालायचे बूट घालून आलेल्या. त्यांनी पाटीला एक फेरी मारली.

"खरं सांगू? ही काही जुनी नाही," त्या म्हणाल्या. "आणि सुंदर तर अजिबात नाही."

"माझ्या मेव्हण्याबद्दलही लोक हेच म्हणतात," बेर्नवार्ड म्हणाला, "पण त्याला भंगारात टाकत नाहीत."

बाई हसल्या. मग म्हणाल्या की एक वाट आहे. मोडलेल्या जिल्ह्याची हद्द नेमकी कुठे होती हे दाखवणारी मूळ जागेवरची शेवटची पाटी, एवढ्या कारणावर ती जतनयादीत घालता येईल. फक्त ती हद्दीवरच उभारली होती आणि कधी हलवली नाही, असं लेखी सांगणारा साक्षीदार हवा.

सगळे एवाल्डकडे वळले. १९६२ साली ती पाटी उभारणारा माणूस तोच होता आणि वेन्नेबेकमध्ये हद्दीबाबत शेवटचा शब्दही त्याचाच. प्रत्येक चालण्याच्या वेळी तोच पुढे असतो.

मी साक्षीचा मसुदा केला. अर्धं पान, तीन वाक्यं, खाली सहीची जागा. एवाल्डला दिला तर तो म्हणाला चष्मा घरी आहे. चष्मा घेऊन आला तेव्हा म्हणाला घाईत सही करायची नसते. जूनमध्ये त्याची पाठ धरली. जुलैमध्ये त्याला मसुद्यातला 'नेमकी' हा शब्द जड वाटला. मी तो काढून दिला, तर उरलेलं हलकं वाटायला लागलं. ऑगस्टच्या एका रविवारी मी पेन घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. त्याची बायको हिल्ट्रूड प्लमचा केक कापत होती.

"सांग त्याला," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"बरं, मग मी सांगते."

"तुला काय माहीत आहे?"

"एवाल्ड, त्या दिवशी तुझं काम सहाला सुटणार होतं आणि तू साडेचारला नाचाच्या मंडपात उभा होतास, केस विंचरून. मी तेव्हाच मनात म्हटलं, ह्याने काहीतरी अर्धवट टाकलंय."

एवाल्ड केकच्या तुकड्याकडे बघत राहिला. "चोपन्न वर्षं तुला माहीत आहे?"

"नेमकं काय ते नव्हतं माहीत. तू दर वसंतात ती पाटी धुवायला लागलास तेव्हा कळलं."

मग त्याने सांगितलं. १९६२ च्या जुलैमधला शुक्रवार. हिल्ट्रूडच्या गावात नेमबाजांचा उत्सव होता, नाच पाचला सुरू होणार होता, आणि दूध संघातला एक टायपिस्ट तिच्या मागे होता. मुकादमाने सांगितलं होतं, एकशे सतरा नंबरच्या हद्दीच्या दगडाशेजारी खड्डा घे. एवाल्डने पहार मारली. खाली स्लेटचा खडक. पहार उडून त्याच्या नडगीवर आली. तासाभरात तीन बोटं खड्डा झाला. उतारावर खाली, ओढ्याजवळच्या अ‍ॅशच्या झाडापाशी, माती लोण्यासारखी होती. त्याने पाटी तिथे लावली, सिमेंट ओतलं आणि साडेतीनची बस धरली.

"किती खाली?" मी विचारलं.

"बासष्ट मीटर."

"म्हणजे पाटी श्टाइनरोडेच्या हद्दीत लागली?"

"हो. आमच्या जिल्ह्याने श्टाइनरोडेचे बासष्ट मीटर जिंकले होते. लढाई न करता." एवढं बोलताना त्याचा चेहरा जरा उजळला आणि पुन्हा पडला. "मी म्हटलं सोमवारी नीट करीन. सोमवारी गेलो तर श्टाइनरोडेवाल्यांनी आपली पाटी बरोबर माझ्या समोर, रस्त्याच्या पलीकडे लावलेली. आमची बघून. दोन जिल्ह्यांनी मान्य केलेली हद्द मी एकटा कशी हलवणार?"

"आणि तो खरा दगड?"

"काटेरी झुडपांत आहे. दर दोन वर्षांनी तुम्हां सगळ्यांना मीच त्याच्या बाजूने बोलत बोलत पुढे नेतो."

मला ते आठवलं. त्या वळणावर एवाल्ड नेहमी उजवीकडच्या दरीतल्या जुन्या गिरणीबद्दल काहीतरी सांगायचा आणि आम्ही सगळे माना उजवीकडे करून जायचो. पंधरा वेळा तीच गिरणी आणि तेवढ्याच भक्तीने आम्ही.

"हे इतिवृत्तात घ्यायचं का?" मी विचारलं.

"अजून मी काही बोललेलो नाही," एवाल्ड म्हणाला. "हे बघ चिटणीस, सही केली तर पाटी राहते आणि मी खोटा. नाही केली तर मी खरा आणि पाटी भंगारात. तू व्यापार शिकलेला आहेस, तूच सांग यात काय परवडतं."

मी तीन वर्षं व्यापार शिकलो, पण हे त्यात नव्हतं. मसुदा टेबलावर ठेवला, केक खाल्ला आणि घरी आलो.

चालण्याचा दिवस सतरा सप्टेंबर होता. बाहेर कोरडं ऊन होतं. साठेक माणसं, सहा कुत्री आणि बेर्नवार्डची हातगाडी. गाडीत सॉसेज, बटाट्याचं सॅलड, बीअरचे क्रेट आणि धान्याच्या दारूच्या बाटल्या. केर्स्टिंगबाई आल्या होत्या. सही झाली की कागद घेऊन सोमवारी नोंद करणार होत्या. मंडळाने त्यांना शिस्तीत कळवलं होतं की पहिल्यांदा येणाऱ्याला सूट नाही, सरकारी नोकर असला तरी.

एवाल्ड पुढे चालत होता, नेहमीसारखा. वळणावर मी त्याच्याकडे बघितलं. तो गिरणीबद्दल एक शब्दही बोलला नाही. त्यामुळे झालं असं की लोकांनी आपणहून माना उजवीकडे केल्या.

पाटीपाशी पोचल्यावर बेर्नवार्डने एक छोटं भाषण केलं, त्यात जिल्हा दोनदा आणि सॉसेज तीनदा आलं. मग त्याने आणि गावच्या लोहाराने केर्स्टिंगबाईंना उचललं. बेर्नवार्ड खांद्यांकडे, लोहार पायांकडे.

"बाई, अंग सैल सोडा," बेर्नवार्ड म्हणाला. "ताठ राहिलात तर जास्त लागतं."

"तुम्ही डुकरांनाही हेच सांगता का?"

"डुकरं ऐकतात तरी."

लोकांनी मोजायला तोंड उघडलं आणि एवाल्ड म्हणाला, "खाली ठेवा त्यांना. इथे नाही."

सगळे थांबले. बाई अजून हवेतच होत्या. "इथे नाही तर कुठे?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"वर. बासष्ट मीटर."

त्यांना खाली ठेवलं. एवाल्ड उताराने वर निघाला आणि साठ माणसं, सहा कुत्री त्याच्या मागे. वळणाशी त्याने खिशातून छाटणीचा चाकू काढला आणि ब्लॅकबेरीचे काटे कापायला सुरुवात केली. लोहाराने मदतीला हात घातला तर त्याने तो बाजूला केला. दहा मिनिटांनी शेवाळलेला दगड दिसला, गुडघ्याएवढा. एका अंगाला जिल्ह्याची खूण, दुसऱ्या अंगाला ११७.

मग त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. खडक, पहार, नडगी, लोण्यासारखी माती, साडेतीनची बस. त्याचं सांगून झाल्यावर बेर्नवार्ड माझ्याकडे वळला.

"चिटणीस, आजवर खाली किती जणांना आपटलं?"

नोंद माझ्याकडे होतीच. "दोनशे चौदा."

"म्हणजे दोनशे चौदा बुडं श्टाइनरोडेत आपटली."

"तांत्रिक दृष्टीने, हो."

"माझी बायको?"

"एकोणीसशे ब्याण्णव. नंबर सत्त्याण्णव."

बेर्नवार्डने बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "चोवीस वर्षं मी इथली नव्हते तर स्वयंपाक कुणाच्या घरी करत होते?"

हसू सुरू झालं ते पार मागच्या कुत्र्यांपर्यंत गेलं. एवाल्ड हसला नाही. त्याने खिशातून माझा मसुदा काढला. सहीची जागा कोरी होती. त्याने तो उलटा करून दगडावर ठेवला आणि माझ्याकडे पेन मागितलं. मागच्या बाजूला उभ्या अक्षरांत लिहिलं: पाटी मी लावली, हद्दीपासून बासष्ट मीटर चुकवून. कारण, जमीन कठीण होती.

हिल्ट्रूड त्याच्या खांद्यावरून वाचत होती. "कारण खरं लिही."

"जमीन कठीणच होती."

"जमीन कठीण होती आणि टायपिस्ट चांगला नाचत होता. लिही."

त्याने लिहिलं. तारीख घातली, सही केली, कागद बाईंना दिला.

"ट्रोम्पेटरसाहेब," केर्स्टिंगबाई म्हणाल्या, "यावर मला पाटीची नोंद करता येणार नाही. ऑक्टोबरात ती जाईल."

"माहीत आहे. म्हणून तर इतकी वर्षं गप्प होतो."

बाई वाकून दगड बघायला लागल्या. शेवाळ नखाने खरवडलं, खूण चाचपली, फोटो काढले. मग उठून बूट झाडले आणि बेर्नवार्डला म्हणाल्या, "आता उचला. पण हळू, हा खरा आहे."

तीन आपटे बसले. त्यानंतर दोनशे चौदापैकी हजर असलेले सगळे रांगेत उभे राहिले, कारण संशय ठेवून जेवायला बसणं बेर्नवार्डला मंजूर नव्हतं. माझी कंबर तेव्हाच दुखत होती. तरी रांगेत होतो, एकतिसावा. सॉसेजं गार झाली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात केर्स्टिंगबाईंचं पत्र आलं. एकशे सतरा नंबरचा दगड जतनयादीत गेला होता. १८१७ च्या आखणीतला, मूळ जागेवरचा, साक्षीदाराने दाखवलेला. आणि खाली एक परिच्छेद होता: यादीतल्या वास्तूशेजारी माहितीफलक लावायला वेगळी परवानगी लागत नाही, फलक कुठला असावा हे स्थानिक मंडळाने ठरवावं.

बेर्नवार्डने हे दोनदा मोठ्याने वाचलं. "बाई हुशार आहे," तो म्हणाला. "आपटल्यामुळे झाली की आधीपासून होती कोण जाणे."

फलक म्हणून आपली जुनी पाटीच दगडाशेजारी लावायची ठरलं आणि लोहार खड्ड्यासाठी खडक फोडायचं यंत्र आणायला निघाला. एवाल्डने नको म्हटलं. तो स्वतःची पहार घेऊन गेला. वय अठ्ठ्याहत्तर. सकाळी आठ ते बारा, मधे कॉफी, पुन्हा दोन ते चार. हिल्ट्रूड घडीची खुर्ची घेऊन बाजूला बसायची, विणकाम करायची आणि दर अर्ध्या तासाने किती बोटं झालं ते विचारायची. अकरा दिवस लागले. मुकादमाने दिलेल्या कामाला चोपन्न वर्षं आणि अकरा दिवस, असं बेर्नवार्ड दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला मांस तोलताना सांगत होता.

खालची पाटी एवाल्डनेच काढली, रस्ते खात्याची गाडी यायच्या आधी. वर उभी केली, सिमेंट ओतलं, सगळ्या बाजूंनी पातळी लावून बघितली. आम्हाला वाटलं काम झालं. तेवढ्यात केर्स्टिंगबाई गाडीतून उतरल्या, हातात एक छोटी पट्टी घेऊन. हातभर लांब, पिवळीच, काळ्या अक्षरांची. त्या जरा अवघडल्या होत्या.

"नियम आहे," त्या म्हणाल्या. "माहितीफलकावरची माहिती बरोबर हवी. ही पट्टी वर लावावी लागेल. नाहीतर ती पुन्हा नुसती रस्त्याची पाटी होते, आणि मग रस्ते खातं नेईल."

पट्टीवर एकच शब्द होता: 'पूर्वीचा'.

आम्ही सगळे दुसरीकडे बघायला लागलो. बेर्नवार्डला आभाळात काहीतरी दिसलं. हा शब्द एवाल्डच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नव्हता आणि त्याच्यासमोर कुणी वापरलाही नव्हता.

एवाल्डने पट्टी हातात घेतली. उन्हात धरून अक्षरं बघितली, पाठ बघितली, भोकं मोजली.

"चार स्क्रू लागतील," तो म्हणाला. "गंज न चढणारे. घरी आहेत."

तो स्वतः जाऊन घेऊन आला. शिडी मी धरली. त्याने पट्टी पाटीच्या वर टेकवली, पातळी ठेवली, बुडबुडा मधे येईपर्यंत थांबला आणि एकेक स्क्रू पिळत गेला. खाली उतरल्यावर त्याने चार पावलं मागे जाऊन वाचलं. पूर्वीचा हालेनब्रुख जिल्हा.

"सरळ आहे?" त्याने हिल्ट्रूडला विचारलं.

"सरळ आहे."

"जागेवर आहे?"

"आहे. चल आता, कॉफी गार होतेय."

त्याने पहार खांद्यावर घेतली. मी शिडी घेतली. बाईंनी पेन काढून त्यांच्या कागदावर कामाची तारीख टाकली.